नदीपलीकडची कचेरी

मंडाले, २८ मार्च २०२५, शुक्रवार. दुपारचे बारा वाजून पन्नास मिनिटं झालीत. पुण्यात अजून बाराही वाजलेले नाहीत. ऊन मी म्हणतंय. तुम्ही किल्ल्याच्या खंदकाजवळ, चहाच्या टपरीवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसला आहात. आधी कपातला चहा हिंदकळतो. मग स्टूल हलतं. मग अख्खा रस्ता. तुम्ही उठायला जाता, पण पाय ठरत नाहीत. समोर विटांची तटबंदी आहे. आपल्याकडे सत्तावनचा उठाव झाला त्याच साली मिंडोन राजाने हे शहर वसवायला घेतलं, त्या वेळची ती भिंत. तुमच्या डोळ्यांदेखत ती जागोजागी ढासळते.

धूळ खाली बसते तेव्हा शहराचा आवाज बदललेला असतो. आज रमझानचा शेवटचा जुम्मा. मशिदी भरलेल्या होत्या आणि त्यातल्या कित्येक नमाज पढणाऱ्यांवरच कोसळल्या आहेत. तिकडे इरावतीवरचा १९३४ सालचा आवा पूल नदीत पडलाय. मृतांचा आकडा पुढे साडेतीन हजारांच्या वर जाईल, पण या क्षणी तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. तुमच्या हातात फोन आहे, त्यात चौदा टक्के चार्ज उरलाय आणि वीज गेली आहे.

तुम्ही भिंतीचा फोटो काढता. हात कापतोय, तो नुसत्या भूकंपाने नाही. या किल्ल्याच्या आत लष्कराचा तळ आहे. पडलेल्या भिंतीचा फोटो म्हणजे त्यांच्या लेखी हेरगिरी. आणि तो काढला तरी पाठवायचा कुणाला? सरकारी वाहिनी सेनापतीची भेट दाखवील. परदेशी बातमीदारांना लष्करी राजवट सांगणार आहे की इथे वीज नाही, पाणी नाही, राहायला जागा नाही, येऊ नका. शहरातली स्वतंत्र वर्तमानपत्रं चार वर्षांपूर्वीच बंद पडलीत.

पण तुमच्या फोनमध्ये एक नंबर आहे. नाव टाकलंय ‘मावशी’. चौकीवर कुणी फोन उघडायला लावला तर मावशीच दिसावी म्हणून. फोटो जातो. दोन रेघा उमटायला चार मिनिटं लागतात. उमटल्या की तुम्ही तो फोनमधून पुसून टाकता.

आता त्या फोटोच्या मागोमाग चला.

थायलंडच्या हद्दीत, मोई नदीच्या पलीकडच्या काठावर माए सोत नावाचं गाव आहे. तिथल्या गल्लीत एक भाड्याचं दुमजली घर. दाराबाहेर बारा जोड चपला, खिडक्यांना दिवसाही पडदे, कोपऱ्यात भाताचा कुकर, जेवणाच्या लांब टेबलावर लॅपटॉप. ‘मावशी’ म्हणजे सव्वीस वर्षांचा एक मुलगा आहे. फोटो आल्या आल्या तो लावून टाकत नाही. आधी त्याला चिकटलेली जागेची आणि वेळेची माहिती काढून टाकतो. मग विचारतो, कोणत्या दरवाजाजवळचा? सावली कुठल्या बाजूला पडली होती? त्याच भागातून आलेले आणखी दोन फोटो शेजारी ठेवून विटांची रांग जुळवतो. शेवटी फोटो मोठा करतो. खालच्या कोपऱ्यात, सांडलेल्या पाण्यात, फोटो काढणाऱ्याच्या चपलेचं प्रतिबिंब पडलंय. निळा पट्टा, एका बाजूने शिवलेला. तो कोपरा तो कापून टाकतो. एवढ्याशा कापाकापीवर तुमचा जीव अवलंबून आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आणि या मुलाला दोन महिने पगार मिळालेला नाही.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत एका सहीने गोठवली. त्या वर्षासाठी जगभरच्या स्वतंत्र माध्यमांकरता तिथल्या संसदेने सुमारे २६ कोटी ८० लाख डॉलर ठेवले होते, तेही त्यात अडकले. मार्चच्या मध्यावर ‘रेडिओ फ्री एशिया’सारख्या प्रसारणसंस्थांच्या गळ्याला फास बसला. मग पंधरा दिवसांत मंडालेची जमीन हादरली. ज्या आठवड्यात ब्रह्मी बातमीदारांची सगळ्यांत जास्त गरज होती, त्याच आठवड्यात त्यांच्यातले कित्येक जण घरभाडं कसं द्यायचं या विवंचनेत होते. मला राग येतो तो या योगायोगाचा नाही. एका परक्या देशातल्या एका सहीवर सगळं उभं होतं आणि आपण बाकीचे लोक तिकडे कधी फिरकलोही नव्हतो, याचा येतो.

तो नंबर तुमच्या फोनमध्ये कसा आला, हे समजून घ्यायचं तर मागे जावं लागेल.

फार मागे जायचं तर २२ जुलै १९०८च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात चला. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल संपादकाला सहा वर्षं काळं पाणी सुनावलं जातंय आणि उद्या त्यांचा वाढदिवस आहे. पुढे त्यांना मंडालेला नेतील, याच तटबंदीच्या आतल्या तुरुंगात. तिथे ते शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहितील. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण तुम्ही कोर्टात थांबू नका, गिरणगावात या. भोंगा होतो आणि चाळीतून कुणी खाली उतरत नाही. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. पोटाला चिमटा घेऊन, गोळीबार अंगावर घेऊन केलेला. त्यातल्या बहुतेकांना ‘केसरी’ वाचता येत नव्हता. हद्दपार केलेल्या पत्रकाराच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता १९९३चा पावसाळा. पुन्हा मंडाले, त्याच खंदकापासून चार गल्ल्या आत. रात्र. तुम्ही पांघरूण डोक्यावरून घेतलंय आणि आत रेडिओ आहे. आवाज इतका बारीक की कान जाळीला टेकवावा लागतो. भिंत बांबूच्या तट्ट्याची, पलीकडे वॉर्डाच्या कारकुनाचं घर. तुम्ही शॉर्टवेव्हची सुई केसाएवढी सरकवता. खरखर, चिनी गाणं, पुन्हा खरखर. मग अचानक तुमच्याच भाषेत, तुमच्याच गावाच्या हेलात, एक माणूस बोलायला लागतो.

पाच वर्षांपूर्वी, १९८८च्या ऑगस्टमध्ये, तुमचा भाऊ मोर्चात गेला होता. परतला नाही. १९९०च्या मे महिन्यात निवडणूक झाली. आंग सान सू ची यांच्या पक्षाला ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या आणि सेनापतींनी तो निकाल सरळ गुंडाळून ठेवला. तेव्हापासून शहरात जी वर्तमानपत्रं येतात त्यांत पूल बांधल्याच्या आणि सेनापतींनी विहारात दान दिल्याच्या बातम्या असतात. हा रेडिओवरचा माणूस मात्र तुरुंगातल्यांची नावं वाचतोय. गाव, वय, शिक्षा. तुम्ही श्वास रोखून ऐकता. भावाचं नाव येत नाही. उद्या पुन्हा ऐकायचं.

तो माणूस ऑस्लोमध्ये आहे, साडेसात हजार किलोमीटरांवर. १९९१चं शांततेचं नोबेल सू ची यांना मिळालं, त्या घरात कोंडलेल्या होत्या म्हणून ते ऑस्लोला जाऊन त्यांच्या मुलांनी घेतलं. पुढच्या वर्षी, १९९२च्या जुलैत, त्याच शहरातून नॉर्वेच्या मदतीने ‘डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा’ हे केंद्र बोलू लागलं. मूठभर तरुण मंडळी. बाहेर बर्फ, आत भात शिजवून खाणारी. सीमेवरून थायलंडमार्गे फिरत फिरत आलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या, पडताळायच्या, आणि आवाज न कापू देता सांगायच्या. समोर माइक असतो, ऐकणारा दिसत नाही. आपलं कुणी ऐकतंय का, हेही कित्येक महिने कळत नाही. तुम्ही ऐकत होतात, पण ते त्यांना कळवायची सोय तुमच्याकडे नव्हती.

थोडं दिल्लीत डोकावून जाऊ, कारण हे आपल्या देशात घडलंय आणि आपल्याला फारसं माहीत नाही. साल १९९८. पश्चिम दिल्लीत, विकासपुरी-जनकपुरीकडे, ब्रह्मदेशातून पळून आलेली माणसं एका खोलीत सहासहा राहतात. ऑगस्टमध्ये त्यांच्यातले तिघे एक वृत्तसंस्था काढतात. नाव ‘मिझिमा’. मूळ शब्द पालीतला, मज्झिम, म्हणजे आपला ‘मध्यम’. भांडवल म्हणावं असं काही नाही. पण याच शहरात, कृष्ण मेनन मार्गावरच्या आपल्या सरकारी बंगल्याच्या खोल्या ब्रह्मी विद्यार्थ्यांना उघडून देणारा एक माणूस आहे: मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा आणि पालिका कामगारांचा पुढारी, जॉर्ज फर्नांडिस. त्याच वर्षी ते संरक्षणमंत्री झाले. मंत्र्याच्या आवारात परक्या देशाचे बंडखोर राहतात, यावरून कुजबुज झाली असणार. खोल्या उघड्याच राहिल्या. निर्वासिताला सगळ्यांत आधी पत्ता लागतो. पत्ता असला की टपाल येतं, टेलिफोन येतो, पोलीस चौकीत सांगायला काहीतरी असतं. बातमी त्यानंतर येते.

चला आता रंगूनला. २७ सप्टेंबर २००७. इथे जरा थांबू.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला सरकारने एका रात्रीत डिझेल दुप्पट महाग केलं, गॅस पाचपट. बसचं भाडं मजुराच्या रोजाला गिळायला लागलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाकोक्कू गावी सैनिकांनी भिक्खूंना मारलं आणि त्यानंतर भिक्खूंनी जे केलं ते समजायला बौद्ध मनच हवं: त्यांनी भिक्षापात्रं पालथी केली. लष्करातल्या कुणाकडूनही दान घ्यायचं नाही. ज्या देशात दान देऊन पुण्य जोडायचं असतं, तिथे पालथं पात्र म्हणजे वाळीत टाकणंच. मग हजारो भिक्खू मेत्तासुत्त म्हणत अनवाणी रस्त्यावर उतरले.

तुमच्या खांद्यावर कापडी झोळी आहे. तिच्या एका बाजूला रुपयाएवढं भोक आणि भोकामागे सोनीचा छोटा कॅमेरा. तुम्ही ऑस्लोच्या त्या केंद्राचे ‘व्हीजे’ आहात. आता त्यांचं उपग्रहावरून टीव्ही चॅनेलही आहे. चित्र चौकटीत आलंय की नाही, हे बघायची सोय नाही. अंगाच्या अंदाजानेच झोळी फिरवायची. गालावर थनाका लावलेल्या बायका, सहाणेवर उगाळलेल्या त्या सालीचा मंद वास, आणि घोषणा. सुले पॅगोड्याकडून लष्कराचे ट्रक येतात. टाळ्या थांबतात. लोक पळू लागतात.

गर्दीत एक जपानी माणूस आहे, हातात कॅमेरा, पायात साध्या सपाता. केंजी नागाई, वय ५०. तो सैनिकांच्या आणि लोकांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. सैनिक धावत येतात. त्यातला एक अगदी जवळून गोळी घालतो. नागाई उताणा पडतो, आणि पडल्यावरही त्याचा हात वर आहे, कॅमेरा धरलेला. मग तो हात खाली येतो.

उंचावरून, लपून, हे सगळं ऑस्लोच्या केंद्राच्या एका व्हीजेने टिपलं. सरकारने म्हटलं, गोळी चुकून लागली. ते चित्र जगभरच्या वाहिन्यांवर फिरलं आणि त्या खोटेपणाला जागा उरली नाही. दोन दिवसांनी, २९ सप्टेंबरला, लष्कराने देशाचं इंटरनेटच तोडलं. त्यानंतर पोलीस घरोघर फिरले ते चित्रं कुणी काढली हे शोधत.

ती चित्रं फुकट आली नाहीत. पाकोक्कूच्या त्याच भिक्खूंशी बोलायला हला हला विन ही शाळामास्तरीण राहिलेली बातमीदार २००९मध्ये गेली. परतताना पकडली गेली. नोंदणी नसलेली मोटारसायकल वापरली म्हणून सात वर्षं, बाहेरच्या केंद्राला चित्रफीत पाठवली म्हणून आणखी वीस. सत्तावीस वर्षं. ती २०१२च्या जानेवारीत सुटली, इतरांबरोबर.

२०१२ ते २०२१ ही नऊ वर्षं मी झपाट्याने ओलांडतो. छपाईपूर्वीची सेन्सॉरशिप उठली, परागंदा मंडळी सामानसुमान घेऊन मायदेशी परतली, रंगूनमध्ये रीतसर पाटी लावून कचेऱ्या उघडल्या. ऑस्लोतून, चिआंग माईतून, दिल्लीतून माणसं घरी आली. कित्येकांनी आईला वीस-वीस वर्षांनी पाहिलं.

१ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. ८ मार्चला पाच स्वतंत्र माध्यमांचे परवाने रद्द झाले. ‘मिझिमा’ आणि ऑस्लोचं ते जुनं केंद्र दोन्ही त्यात होती. पुढे छतावरच्या डिश अँटेनाही बेकायदा ठरल्या. तुम्ही पुन्हा पळता. या वेळी रात्री, पोटापर्यंतच्या पाण्यातून, हार्ड डिस्क प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून डोक्यावर धरलेली. पलीकडे गेलं म्हणजे सुटलं असंही नाही. मे महिन्यात चिआंग माईजवळ तीन बातमीदार आणि दोन कार्यकर्ते थायलंडच्या पोलिसांनी पकडले, परवान्याविना देशात शिरले म्हणून. परत पाठवले असते तर काय झालं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. जगभरातून इतकी ओरड झाली की जूनमध्ये त्यांना तिसऱ्या देशात जाता आलं.

पुन्हा माए सोतच्या त्या घरात या. तुमचा फोटो आता लागलाय, कोपरा कापलेला. रात्रीचे दोन. तो मुलगा अजून बसलाय, कारण सगाइंगहून एक चित्रफीत आली आहे: भूकंपग्रस्त भागावर लष्कराची विमानं बॉम्ब टाकत आहेत. हे जगाला कुणी सांगितलं? अशा कचेऱ्यांनीच.

त्याला काय हवंय, हे त्याला विचारलं तर तो सत्काराची शाल मागणार नाही. राहायचा कागद हवा, म्हणजे पोलिसाची गाडी दिसली की गल्लीत वळायला नको. वर्षा-दोन वर्षांची शाश्वती असलेला पैसा हवा. तीन महिन्यांचा प्रकल्प आणि मग पुन्हा अर्ज, यात निम्मं मनुष्यबळ अर्ज भरण्यात जातं. सर्व्हरचं भाडं हवं. आतल्या माणसांसाठी व्हीपीएन हवं. आणि त्याने जीव धोक्यात घालून मिळवलेला फोटो कुठे छापला तर त्याचं मानधन हवं. ही शेवटची गोष्ट आपल्या हातातली आहे. मराठी वर्तमानपत्रांनी, मासिकांनी, यूट्यूब वाहिन्यांनी म्यानमारची बातमी परदेशी एजन्सीकडून उचलण्याऐवजी या कचेऱ्यांकडून विकत घ्यावी. मिझोराममध्ये हजारो ब्रह्मी निर्वासित राहत आहेत, त्यांच्यात चिन बातमीदारही आहेत. ते तर आपल्याच देशात बसून लिहितात. दिवाळी अंकाच्या एका पानाचं मानधन तिथे एका माणसाचं महिन्याचं भाडं होऊ शकतं. मी हे अजिजीने सांगत नाही. सहा दिवस गिरणी बंद ठेवणाऱ्यांच्या गावात एवढं बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

१ डिसेंबर २०२४ला म्यानमारच्या तुरुंगांत ३५ पत्रकार होते. मुलाच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यातल्या दोघांचे फोटो चिकटवलेत. एक जण त्याच्याच शेजारी बसायचा.

अजून एक ठिकाण उरलंय. त्यासाठी दोन वर्षं मागे या.

बँकॉक, २६ एप्रिल २०२३. परदेशी वार्ताहरांच्या क्लबात खुर्च्या मांडल्या आहेत. पहिल्या रांगेत जपानहून आलेली एक बाई बसली आहे. ऑस्लोच्या त्या केंद्राचे प्रमुख समोर येतात आणि तिच्या हातात एक छोटा कॅमेरा देतात. केंजी नागाईंचा. गोळी लागली त्या दुपारी तो रस्त्यावरून नाहीसा झाला होता. कुणीतरी तो उचलला, लपवला, हातोहात पुढे दिला. नाव बाहेर आलेलं नाही, येऊ नये. साडेपंधरा वर्षांनी तो या परागंदा माणसांमार्फत इथे पोचलाय.

आतली फीत तशीच आहे. दिवे मंद होतात. पडद्यावर सुले पॅगोड्याचा रस्ता, गाणारी गर्दी, मग ट्रक. नागाई कॅमेरा स्वतःकडे वळवतो, पाठीमागे सैनिक दिसतात, आणि सैन्य आलंय, लोक अजून जमत आहेत, असं तो जपानीत शांतपणे सांगतो.

नागाईंची बहीण पदराशी चाळा करावा तशी हातातल्या रुमालाची घडी घालते, उलगडते. मग मांडीवरच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यातून आपला हात घालून बघते. तो भावाच्या हाताच्या मापाला सैल केलेला आहे.